बनसोडेबाईंची रेघ

बनसोडेबाई छापखान्यात पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी नमस्कार केला नाही, नाव सांगितलं नाही, आणि बसा म्हटलं तर बसल्याही नाहीत. हातातली छापील प्रश्नपत्रिका माझ्या टेबलावर ठेवली, तिच्यावर बोट आपटलं आणि विचारलं, "यातली रेघ कुणी खाल्ली?"

भूममधला आमचा छापखाना सहकारी होता. सहकारी म्हणजे खरेदी-विक्री संघाच्या गोदामाला चिकटलेल्या दोन खोल्या, पायानं चालवायचं एक ट्रेडल मशीन, शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारे दगडूनाना, आणि प्रुफं तपासण्यापासून पाण्याचा माठ भरण्यापर्यंतच्या सगळ्या कामांना मी. सोसायट्यांचे तक्ते, लग्नपत्रिका, उरसाची हँडबिलं छापायची आणि शाळांच्या परीक्षा आल्या की प्रश्नपत्रिका. गणिताची प्रश्नपत्रिका आली की दगडूनानांचं डोकं उठायचं. पण शाळाही संघाच्या चेअरमनांच्याच संस्थेची आणि छापखानाही त्यांचाच, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती.

बाई बोट दाखवत होत्या ते गणित तसं साधं होतं. क्ष आणि तीन यांची बेरीज करायची आणि आलेल्या सगळ्याला चारानं भागायचं. वहीत लिहिताना वर 'क्ष + ३', त्या सगळ्याच्या खाली लांब रेघ आणि रेघेखाली चार. दगडूनानांनी ते सरळ एका ओळीत आडवं घातलं होतं, 'क्ष + ३/४'.

"क्ष आणि तीन, दोघं मिळून चारात वाटायचे होते," बाई म्हणाल्या. "तुम्ही एकट्या तीनाला वाटलंत. क्ष मोकळा सुटला. माझी निम्मी पोरं छापलंय तसं सोडवून बसली, निम्मी मी शिकवलं तसं. आता मार्क कुणाचे कापू, सांगा."

दगडूनाना निजामाच्या अमदानीत हैदराबादेत काम शिकलेले. छपाईतलं आपल्याइतकं ह्या मुलखात कुणाला कळत नाही, असं ते स्वतःच येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. त्यांनी तंबाखूची चिमूट गालात सारली आणि मान वर न करता म्हणाले, "बाई, तुमचा अपूर्णांक उभा केला की तीन वळींची जागा खातोय. कागद काय झाडाला लागतोय व्हय?"

"मग निदान कंस घालायचा."

"कंसाचे खिळे झिजलेत."

"बरं झालं. कंस नकोच मला. एका कंसात दुसरा कंस, त्यात तिसरा. पोरानं गणित सोडवायचं का कंसाची दारं मोजायची? बोर्डाच्या पेपरात उभा अपूर्णांक येतो, फळ्यावर मी उभा लिहिते, मग तुमच्या इथंच तो आडवा का पडतो? आजारी आहे का?"

मी हसलो. दगडूनाना हसले नाहीत. बाई तोवर त्यांच्या खिळ्यांच्या लाकडी खणांपाशी जाऊन उभ्याही राहिल्या होत्या आणि एकेका खणात बोट घालून हे काय, ते काय, असं विचारत होत्या. नानांच्या खणात परक्यानं हात घालायचा नाही, असा आमच्याकडे दंडक होता. तो त्या दिवशी मोडला आणि पुन्हा काही सांधला गेला नाही.

खिळ्यांनी उभा अपूर्णांक करणं म्हणजे छोटं बांधकामच असतं. वरचा आकडा बारीक खिळ्यात घ्यायचा, त्याखाली रेघेची पितळी पट्टी ठेवायची, तिच्याखाली खालचा आकडा. मग शेजारचं अधिक चिन्ह किंवा बरोबरचं चिन्ह नेमकं रेघेच्या पातळीवर यावं म्हणून त्याच्या वर आणि खाली शिशाचे तुकडे भरायचे. एक तुकडा कमी पडला तर सगळं डुगडुगतं आणि मशीनवर चढवल्यावर आकडे गळून पडतात. आणि पट्टी हवी तेवढ्याच लांबीची लागते. लांब पट्टी कापून तुकडे करावे लागतात, आणि एकदा कापलेली पट्टी पुन्हा लांब होत नाही. दगडूनानांचा सगळा कंजूसपणा या एका गोष्टीत होता. सोसायट्यांच्या तक्त्यांना लांब रेघा लागायच्या आणि सोसायट्या आमच्या मालक होत्या.

त्या दिवसानंतर गणिताचा पेपर आला की बाई यायच्याच. वर्गातून निघून तशाच यायच्या, बोटांना खडू लागलेला. छापखान्याचं दार उघडं असलं तरी कडी वाजवायच्या आणि उत्तर यायच्या आधीच आत आलेल्या असायच्या. खुर्ची पुढं केली तर तिच्यावर पिशवी ठेवायच्या. शेंगदाणे-गूळ खायच्या तोही चकरा मारता मारता. त्यांच्या फेऱ्यांनी आमच्या खोलीतली शहाबादी फरशी झिजेल, असं मी एकदा म्हणालो तर म्हणाल्या, "झिजू द्या. पडून पडून तरी काय करणार आहे ती?" मला त्या "प्रुफवाले" म्हणायच्या. माझं नाव त्यांना माहीत होतं, पण नाव लांब होतं आणि त्यांना घाई असायची.

कुर्डुवाडीला त्यांचं माहेर, वडील रेल्वेत गँगमन. महिन्यातून एकदा त्या घरी जायच्या. एसटी स्टँडवर थांबणं मात्र त्यांच्यानं व्हायचं नाही. गाडीला उशीर आहे म्हटलं की त्या सरळ परंड्याच्या रस्त्यानं चालायला लागायच्या आणि गाडी त्यांना वाटेत गाठायची. कंडक्टरांना सवय झाली होती. एखादा स्टँडवरच ड्रायव्हरला सांगून ठेवायचा, "म्होरं बाई असतील, बघून घे."

एकदा मी त्यांना विचारलं, "अहो, चालून काय मिळतं? शेवटी त्याच गाडीत बसता ना?"

"पण तेवढं मागं पडलेलं असतं," त्या म्हणाल्या.

त्यांच्या वडिलांनी छप्पन्न साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा बाई शाळेत होत्या. त्यांच्या घरात बी.एस्सी. झालेल्या त्या पहिल्याच. भूममध्ये त्यांना खोली मिळायला फार दिवस लागले. कारण कुणी तोंडावर सांगत नव्हतं आणि सगळ्यांना ठाऊक होतं. मी तुळजापूरच्या पुजाऱ्यांच्या घरातला, मलाही ठाऊक होतं. माझ्या ओळखीच्या एका घरमालकानं "आम्ही जागा भाड्यानं देतच नाही" असं त्यांना सांगितलं, आणि त्याच आठवड्यात ती जागा एका कारकुनाला दिली. मला संताप आला. मी तो बाईंपुढं काढला तर त्या म्हणाल्या, "मला कुठं खोलीत बसायचंय, प्रुफवाले? रात्री पाठ टेकायला लागते तेवढी." आणि हातातलं प्रुफ उलटं करून पाहायला लागल्या. त्यांना वाईट वाटलं नव्हतं असं नाही. एका जागी उभं राहून वाईट वाटून घेणं त्यांना जमत नव्हतं, एवढंच.

संस्थेनं त्यांना कायम केलेलं नव्हतं. दर जूनला नवा आदेश निघायचा आणि तो काढणं चेअरमन आण्णांच्या हातात होतं. आण्णा म्हणजे संघाचे चेअरमन, शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष आणि आमच्या छापखान्याचेही सर्वेसर्वा. माणूस दुष्ट नव्हता. लोकांच्या लग्नकार्याला, मर्तिकाला पोचायचा, नावानं हाक मारायचा. पण आपल्या पंचक्रोशीत आपल्याला न विचारता पान हलू नये, अशी त्यांची फार इच्छा असायची. ह्या वर्षी कायम करतो, असं त्यांनी बाईंना सांगितलं होतं. बाईंच्या पाठीवर दोन भावांचं शिक्षण होतं. ही एक गोष्ट बोलताना त्यांचा वेग थोडा कमी व्हायचा.

आणि मग बहात्तरचा दुष्काळ आला. त्याबद्दल फार लिहीत नाही, आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको आणि बाहेरच्याला सांगून कळत नाही. विहिरींचे तळ उघडे पडले, जनावरं गेली, माणसं रेशनवरचा परदेशी लाल मिलो खायला शिकली. भूमच्या आसपास पाझर तलावाची आणि खडी फोडायची कामं निघाली आणि शाळेतली वरच्या वर्गातली पोरंपोरी आईबापांबरोबर कामावर गेली. मॅट्रिकच्या वर्गात रिकामी बाकं दिसायला लागली.

बाई एका आठवड्यात तलावाच्या कामावर पोचल्या. शाळा सकाळची झाली होती. दुपारी कामाला सुट्टी व्हायची, खायला सुकडी वाटली जायची, आणि तेवढ्या वेळात त्या तिथल्या सपाट खडकावर चुन्यानं गणितं मांडायच्या. खोदाईच्या खुणा करायला चुना तिथं असायचाच. मुकादमानं पहिल्या दिवशी हटकलं तर त्यालाच पुढं बसवून त्यांनी त्रैराशिक घातलं. दुसऱ्या दिवसापासून तो चुन्याची बादली आणून ठेवायला लागला.

मी एकदा हे पाहायला गेलो होतो. उन्हानं डोळे दिपत होते. खडकावर पाच-सहा पावलं लांबीचा एक अपूर्णांक काढलेला होता आणि बाई त्याच्या रेघेवर चालत होत्या, या टोकाकडून त्या टोकाकडं. "ही रेघ कुठवर जातीय? बघा. रेघेवर जेवढे बसलेत तेवढ्या सगळ्यांना खालच्यानं भागायचं. रेघेच्या बाहेर जो उभाय त्याचा संबंध नाही." समोर डोक्याला फडकी बांधलेली, हाताला फोड आलेली पोरंपोरी. त्यात शेवंता नावाची एक मुलगी होती, मॅट्रिकची. तिची आई मधूनच हाक मारायची आणि ती मान न वळवता म्हणायची, "आलेऽ, एवढी रेघ हुंदे."

बाईंनी शेवंताच्या आईला माझ्यादेखत विचारलं, "पोरीला मॅट्रिकला बसवणार ना?"

"आमी कोन बसवणार, बाई? शाळा बसू दिल तर बसंल. लई दिस बुडाल्यात तिचे."

खरी मेख तीच होती. मॅट्रिकला कुणाला बसवायचं आणि कुणाला पुढच्या वर्षापर्यंत थांबवायचं, हे शाळेच्या चाचणी परीक्षेवर ठरायचं. संस्थेला निकाल चांगला हवा होता आणि कामावरची पोरं बसवली तर निकाल पडेल, असं मुख्याध्यापकांना वाटत होतं. त्या पोरांना पुढचं वर्ष म्हणजे काय ते आम्हाला सगळ्यांना कळत होतं. मुलांनी खडी फोडत राहायचं आणि मुलींची लग्नं व्हायची. बाई मुख्याध्यापकांशी भांडल्या, आण्णांकडे गेल्या, आणि एवढं कबूल करून आल्या, की कामावरची पोरंही चाचणी देतील आणि गणितात पास होतील ती बसतील. गणिताचा पेपर काढायला अर्थात बाईच.

तो पेपर आमच्याकडे आला आणि पट्ट्या संपलेल्या होत्या.

संघाच्या वार्षिक अहवालाचं काम चालू होतं. पानापानावर तक्ते, त्यांच्या उभ्या-आडव्या रेघा. छापखान्यातली बारीक रेघेची एकूण एक पट्टी त्या पानांत अडकली होती. पानं छपाईच्या लोखंडी चौकटीत आवळून तयार होती, पण आण्णा मुंबईला गेलेले, चाऱ्याच्या आणि धान्याच्या मंजुऱ्या आणायला. त्यांनी शेवटचं प्रुफ पाहिल्याशिवाय पानं मशीनवर चढवायची नव्हती, आणि मशीनवर चढल्याशिवाय पट्ट्या सुटणार नव्हत्या. इकडे चाचणी गुरुवारी आणि त्यापुढं बोर्डाकडे अर्ज जायचे, म्हणजे दिवस पुढं ढकलायलाही जागा नाही.

"यंदा आडवा घाला," दगडूनाना म्हणाले. "अल्ला शप्पत, पट्टी शिल्लक न्हाय."

"नाना, ह्या पोरांनी महिनाभर खडकावर उभा अपूर्णांक पाहिलाय. आता कागदावर आडवा दिसला तर ती चुकणार. चुकली की गेली. मग तुम्ही जाऊन सांगाल का शेवंताच्या आईला, कागद वाचवला म्हणून?"

नानांनी पट्ट्यांचा रिकामा खण पुन्हा एकदा चाचपला. बाई खोलीभर फिरत होत्या. फिरता फिरता दगडी ओट्यापाशी थांबल्या. तिथं अहवालाचं पहिलं पान मोकळंच पडलं होतं. त्यावर आण्णांच्या फोटोचा ठसा आणि फोटोभोवती नाजूक बारीक रेघेची पितळी चौकट. ती चौकट आण्णांनी स्वतः पुण्याहून आणवली होती.

"ही कुणाची?"

"आण्णांची."

"आण्णा चांगला माणूस आहे. पोरांसाठी देतील."

"इचारा की मग."

"मुंबईला जाऊन विचारू? परवाच्या दिवशी छापायचंय." त्यांनी चौकटीच्या चारही पट्ट्या उचलल्या, पट्टी कापायच्या यंत्राखाली पहिली पट्टी धरली आणि दांडा दाबला. दगडूनाना भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. "म्या काय बघितलं न्हाय," ते भिंतीला म्हणाले. थोड्या वेळानं मात्र त्यांना राहवेना. ते वळले, बाईंच्या हातातून पट्टी घेतली आणि म्हणाले, "असं वाकडं कापत्यात व्हय? सरका."

दोन दिवस दोघं मिळून ते अपूर्णांक बांधत होते. बाई सांगायच्या रेघ कुठवर, नाना तुकडा कापायचे. अपूर्णांकात अपूर्णांक असलेलं एक गणित होतं. ते जुळलं तेव्हा नानांनी मला हाक मारून दाखवलं. "हैदराबादला बी आसलं काम झालं न्हवतं," ते म्हणाले. प्रुफात एक चूक निघाली नाही. मी शोधायला कमी केलं नव्हतं.

चाचणी झाली. कामावरची जी पोरं बसली त्यातली बरीच गणितात पास झाली, शेवंताही. त्यांचे अर्ज बोर्डाकडे गेले. बाई छापखान्यात येऊन सांगून गेल्या. सांगून गेल्या म्हणजे दारातूनच म्हणाल्या, "नाना, पोरं बसली," आणि गेल्यासुद्धा.

पुढं जे झालं ते आमच्याच छापखान्यात होऊ शकतं. देवळातल्या आमच्या घराण्याच्या पाळीसाठी मी तुळजापूरला गेलो होतो. इकडे आण्णा मुंबईहून आले, वार्षिक सभा तोंडावर होती, आणि त्यांच्या माणसानं येऊन नानांना तंबी दिली की अहवाल उद्या पाहिजे आणि फोटोला चौकट पाहिजेच. नानांकडे चौकटीची पट्टी नव्हती. बारीक रेघ नव्हती. एका खणात मात्र जाड काळ्या रेघेच्या चार पट्ट्या नेहमी तयार असायच्या. नानांनी त्या बसवल्या, ठाकठीक, कोपरे जुळवून. आम्ही त्या श्रद्धांजलीच्या पत्रकांना वापरायचो.

सभेला मी परत आलो होतो. गोदामात सतरंज्या टाकलेल्या, आण्णा व्यासपीठावर लोडाला टेकलेले. अहवाल वाटले गेले आणि मागच्या रांगांत कुजबुज सुरू झाली. तेरखेड्याकडून आलेले एक म्हातारे सभासद, नजर अधू, अहवाल डोळ्यांशी धरून बराच वेळ पाहत होते. मग काठी टेकत उठले आणि पटका काढून हातात घेतला.

"आण्णा गेलं, आन् आमाला कुनी कळीवलं बी न्हाय," ते भरल्या गळ्यानं म्हणाले. "लई मोठा मानूस. दोन मिंटं हुबं ऱ्हावा समदे."

त्यांच्या आजूबाजूचे पाच-सहा जण खरोखर उभे राहिले. मग त्यांना पाहून पुढची रांग उठली. शेवटी कुणीतरी म्हाताऱ्यांच्या कानात ओरडलं, "आवो, बसल्यात की म्होरं." सगळं गोदाम हसलं. आण्णाही हसले, पण त्यांच्या आधी बाकीचे हसले होते आणि ते त्यांच्या लक्षात राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते छापखान्यात आले. आवाज चढवला नाही. "दगडू, माझी चौकट कुठं गेली?"

"झिजली," नाना म्हणाले.

"पितळ झिजलं?"

नाना समोरच्या खणातले खिळे चाळवायला लागले. त्यांचं वय झालं होतं, दुसरं काही काम त्यांना येत नव्हतं, आणि आण्णांनी घरी जा म्हटलं असतं तर ते घरीच गेले असते. मी बोलायला तोंड उघडलं, तोवर दारावरची कडी वाजली. शाळेत बातमी पोचली होती. बाई तास सोडून आल्या होत्या.

"चौकट मी कापली," त्या म्हणाल्या. "नाना नको म्हणत होते. पेपरला रेघा पाहिजे होत्या."

"मला विचारायचं होतं, बाई."

"तुम्ही मुंबईला होता."

"मग थांबायचं."

"थांबून पोरं बसली नसती, आण्णा."

आण्णांनी त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटतं त्या क्षणी त्यांना बाईंचं म्हणणं पटलं होतं, आणि म्हणूनच जास्त राग आला. "निकाल पडला तर?" त्यांनी विचारलं.

"मग मला विचारा."

"विचारीन," आण्णा म्हणाले आणि चपला घालून निघून गेले. नानांना ते काही बोलले नाहीत. बाई गेल्यावर नाना कितीतरी वेळ रिकामा खण फडक्यानं पुसत बसले होते.

मार्चमध्ये मॅट्रिकची परीक्षा आली. केंद्र परंड्याला होतं. बाई पोरांना घेऊन तिथंच राहिल्या होत्या, कुणाच्या तरी ओळखीनं मिळालेल्या समाजमंदिरात. बीजगणिताचा पेपर शनिवारी. मला त्याच दिवशी परंड्याच्या एका दुकानदाराला छापील पावत्यांचा गठ्ठा पोचवायचा होता. निघताना मुख्याध्यापकांनी स्टँडवर गाठलं. इकडंतिकडं पाहत म्हणाले, "तुम्ही जाताच आहात, तर बाईंना तेवढं सांगा. सोमवारपासून शाळेत यायचं नाही. अभ्यासक्रम संपलाच आहे. आण्णांनी सांगितलंय, पुढचा आदेश काही निघणार नाही."

"तुम्ही का नाही सांगत?" मी विचारलं.

"मला केंद्रावर जायला वेळ कुठाय," ते म्हणाले. त्यांच्या हातात भाजीची पिशवी होती.

परंड्याला पोचेपर्यंत मी तो निरोप मनात किती प्रकारांनी मांडून पाहिला, पण तो कसाही मांडला तरी तसाच दिसत होता. दुकान बंद होतं, म्हणून गठ्ठा काखेत धरून केंद्राकडे गेलो. किल्ल्याच्या बाजूला शाळा, फाटकाशी पालकांची गर्दी, आणि फाटकापासून कोपऱ्यापर्यंत आणि परत बाई चकरा मारत होत्या. मला पाहिल्यावर म्हणाल्या, "प्रुफवाले, तुम्ही इथं?"

मी एका दमात सांगून टाकलं. 

त्या थांबल्या. फाटकाकडे पाहत राहिल्या. "भावाची कॉलेजची फी जूनमध्ये भरायची आहे," त्या म्हणाल्या, मला नाही, तशाच. मग विचारलं, "सोमवारपासून ना?"

"हो."

"आज शनिवार आहे. म्हणजे आज मी नोकरीवर आहे. सरका जरा, घंटा होईल आता."

घंटा झाली. पोरं बाहेर आली आणि बाईंनी शेवंताला गर्दीतून हाताला धरून बाजूला ओढलं. प्रश्नपत्रिका तिच्या हातातून घेतली, एका गणितावर बोट ठेवलं. "हे कसं केलंस?"

"रेघ शेवटपर्यंत होती, बाई. समद्याला भागलं."

"आणि हे?"

"ह्यात पहिलं पद रेघेच्या भाईर व्हतं. त्याला हात न्हाय लावला."

बाईंनी प्रश्नपत्रिका तिच्या हातात परत दिली. त्यांनी शेवंताच्या पाठीवर एक थाप मारली, इतकी जोरात की ती पोर एक पाऊल पुढं गेली, आणि त्यांचे डोळे भरून आले. ते त्यांनी पुसले नाहीत. मला तिथून निघून जावंसं वाटलं आणि निघवतही नव्हतं.

"बाई, भूमिती बुधवारी हाय," शेवंता म्हणाली. "सोमवारी उजळणी घेणार का शाळंत?"

"शाळेत कशाला? जाऊन यायला दिवस मोडतो. इथंच घेऊ, सोमवारी आणि मंगळवारीही."

"तुमास्नी शाळा न्हाय व्हय सोमवारी?"

"नाही," बाई म्हणाल्या. "सुट्टी आहे. वर्तुळाचं काय येतंय तुला, ते सांग आधी. चला रे, सगळे इकडं या." मग माझ्याकडे वळून त्यांनी गठ्ठ्याकडे हात केला. "प्रुफवाले, तेवढी सुतळी द्या."

मी गठ्ठ्याची सुतळी सोडून दिली आणि पावत्या छातीशी धरून स्टँडकडे निघालो. गाडी लागलेलीच होती. ती किल्ल्यावरून वळसा घालून जाते. खिडकीतून पाहिलं तर शाळेपुढच्या धुळीत मधोमध शेवंता सुतळीचं एक टोक जमिनीला दाबून बसली होती, दुसऱ्या टोकाला काटकी बांधून बाई वाकून गोल फिरत होत्या, आणि पोरं मागं मागं सरकत त्यांना जागा करून देत होती. एक सायकलवाला उतरून बाजूनं गेला. वर्तुळ पुरं व्हायच्या आत आमची गाडी वळली.